खडकवासल्याची वाट अकरावीतून

कोकण विभागीय शिक्षण मंडळ २०१२ साली सुरू झालं, आणि तेव्हापासून दहावी-बारावीच्या निकालात राज्यात पहिला क्रमांक कोकणाचाच. २०२५ मध्ये दहावीचा राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला, कोकणाचा ९८.८२, बारावीचा राज्याचा ९१.८८, कोकणाचा ९६.७४. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग एवढ्या दोनच जिल्ह्यांचं हे मंडळ. यातल्या सिंधुदुर्गाला सैन्याची परंपराही मोठी. आंबोली, चौकुळ, गेळे या सह्याद्रीच्या माथ्यावरच्या गावांत फौजेत गेलेला माणूस नाही असं घर शोधावं लागतं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेजिमेंटल सेंटर १९२२ पासून बेळगावात आहे, म्हणजे घाट चढून गेलं की पुढच्याच मुक्कामावर. आंबोलीचे पांडुरंग गावडे २०१६ मध्ये काश्मीरमध्ये अतिरेक्यांशी लढताना हुतात्मा झाले, ते याच परंपरेतले.

अभ्यासात पुढे आणि फौजेत पिढ्यान्‌पिढ्या, असा हा जिल्हा. तरी इथे ‘मिल्ट्री’ म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती भरती: पहाटेचं धावणं, छातीचं माप, मैदानावरची रांग. अधिकारी होण्याचं दार वेगळं आहे आणि ते वयाच्या अठराव्या वर्षीच उघडतं, हे कानावर येईपर्यंत अनेक मुलांचे अकरावीचे विषय ठरून गेलेले असतात. “झिलाक मिल्ट्रीत घालूचा आसा, तर खयचे विषय घेवचे?” हा प्रश्न पालक विचारतात तो बहुधा निकालानंतरच्या धावपळीत. त्याला ‘सायन्स घे’ एवढंच उत्तर मिळतं. ते चुकीचं नाही, पण अपुरं आहे. सायन्समध्ये कोणता गट, गणित कोणतं, दुसरी भाषा की आयटी, जीवशास्त्र ठेवायचं की सोडायचं, आणि या सगळ्याचा राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, म्हणजे एनडीएच्या परीक्षेशी नेमका काय संबंध, याचा हा आढावा.

गुण मोजत नाहीत, विषय मोजतात

एनडीए पुण्याजवळ खडकवासल्याला. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी तिची कोनशिला बसली आणि जानेवारी १९५५ मध्ये औपचारिक उद्घाटन झालं. लष्कर, नौदल आणि हवाई दल या तिन्हींचे भावी अधिकारी तिथे तीन वर्षं एकत्र शिकतात. प्रशिक्षणाचा खर्च सरकारचा, आणि शेवटी हातात पदवीही पडते. प्रवेशाची लेखी परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. प्रत्येक वेळी जागा साधारण चारशे. त्यांत केरळच्या एळिमला इथल्या नौदल प्रबोधिनीच्या काही जागाही येतात. वय अभ्यासक्रम सुरू होताना साडेसोळा ते साडेएकोणीस हवं.

या निवडीत बारावीचे टक्के धरलेच जात नाहीत. लेखी परीक्षेला ९०० गुण, सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाच्या मुलाखतीला ९००. यादी लागते ती या १८०० गुणांवर. बारावी पास झालं, की बोर्डाच्या निकालाचं काम संपलं. अमेरिकेत वेस्ट पॉइंटला जायचं तर हायस्कूलची चार वर्षं कोणते विषय घेतले, त्यांत कसे गुण मिळाले, याची बारकाईने छाननी होते, शिवाय बहुतेक उमेदवारांना काँग्रेसच्या सदस्याचं नामांकन लागतं. आपल्याकडे शिफारस नाही आणि गुणपत्रिकेची छाननीही नाही. मालवणच्या मुलाची आणि दिल्लीच्या मुलाची प्रश्नपत्रिका एकच.

मग विषयांची निवड एवढी महत्त्वाची का? दोन कारणांनी. एक, पात्रतेची अट. लष्कराच्या शाखेसाठी कुठल्याही शाखेतली बारावी चालते. पण हवाई दल, नौदल आणि नौदल प्रबोधिनी यांसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे तिन्ही विषय असावेच लागतात. दुसरं, परीक्षेचा अभ्यासक्रम. जो मुलगा हे विषय वर्गात शिकलाच नाही, त्याला ते बाहेर, एकट्याने आणि पदरच्या वेळात शिकावे लागतात.

४ डिसेंबर २०२३ रोजी नौदलाने आपला दिवस तारकर्लीच्या किनाऱ्यावर साजरा केला. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर जलदुर्गाचा पाया घातला, त्या समुद्रात युद्धनौका उभ्या राहिल्या आणि अख्खा जिल्हा किनाऱ्यावर लोटला. त्या गर्दीतल्या ज्या मुलीला किंवा मुलाला त्या दिवशी नौदलात अधिकारी व्हावंसं वाटलं, त्याच्यासाठी पहिली प्रत्यक्ष पायरी म्हणजे अकरावीला घेतलेला या तीन विषयांचा, पीसीएम गट. बारावीला गणित किंवा रसायन सोडलेलं असेल तर एनडीएतून नौदलाचं दार बंद.

गणित, पण कोणतं?

लेखी परीक्षेत दोन पेपर: गणित ३०० गुणांचं आणि सामान्य क्षमता चाचणी ६०० गुणांची, प्रत्येकाला अडीच तास. गणितात १२० प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण, चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण वजा. शिवाय प्रत्येक पेपरात किमान गुण मिळवावेच लागतात. गेल्या काही वर्षांत ही अट वीस ते पंचवीस टक्क्यांची राहिली आहे. म्हणजे इंग्रजी आणि सामान्य ज्ञान कितीही चांगलं असलं तरी गणितात आपटलेल्याला पुढे जाता येत नाही.

महाराष्ट्र बोर्डात बारावीला गणित दोन प्रकारचं. कला आणि विज्ञान शाखेचं एक, वाणिज्य शाखेचं दुसरं. नाव दोघांचं ‘गणित आणि संख्याशास्त्र’, म्हणून पालकांचा गोंधळ होतो. वाणिज्यच्या गणितात सारणी, विकलन, समाकलन आहेत, पण पुढे कमिशन, विमा, निर्देशांक, कालमाला असे विषय येतात. त्रिकोणमिती, सदिश आणि त्रिमितीय भूमिती तिथे नाहीत, आणि एनडीएच्या पेपरात या तिन्हींचं वजन मोठं. कॉमर्सच्या मुलाला लष्कराचा अर्ज भरता येतो, पण गणिताचा मोठा भाग त्याने पाहिलेलाच नसतो. कला शाखेत गणित घेण्याची सोय नियमात आहे. गावाकडच्या कनिष्ठ महाविद्यालयांत ती प्रत्यक्षात मिळणं कठीण.

विज्ञान शाखेचं गणित घेतलं तरी काम संपत नाही. संच आणि संबंध, संमिश्र संख्या, क्रमिका आणि श्रेढी, क्रमचय-संचय, द्विपद प्रमेय, वृत्त आणि शांकव, कोनाचं मापन, त्रिकोणमितीची मूलभूत सूत्रं, निश्चयक, विचलनाची मापं, संभाव्यता: एनडीएच्या अभ्यासक्रमातला हा सगळा भाग अकरावीच्या दोन पुस्तकांतला आहे. सदिश, रेषा आणि प्रतल, विकलनाचं उपयोजन, समाकलन, अवकल समीकरणं हा भाग बारावीचा. शिखराची उंची त्रिकोणमितीने काढायची गणितं दहावीच्या भूमितीतली. दशमान संख्या द्विमानात बदलणं गणिताच्या पुस्तकात सापडत नाही, ते वेगळं शिकावं लागतं, पण चार दिवसांत जमतं.

थोडक्यात, जवळपास निम्मं गणित अकरावीचं. आणि आपल्याकडे अकरावी म्हणजे विश्रांतीचं वर्ष! बोर्डाची परीक्षा नाही, आणि अभियांत्रिकीच्या एमएचटी-सीईटीमध्ये अकरावीला वीस टक्के वजन, बारावीला ऐंशी. त्यामुळे शिक्षकही अकरावी भरभर उरकतात, क्लासवालेही. सीईटीसाठी हा हिशेब बरोबर असेल, एनडीएसाठी तो उलटा पडतो. दुसरा फरक सवयीचा. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून मुलं शेवटच्या दहा मिनिटांत उरलेली सगळी उत्तरं अंदाजाने भरतात. तीच सवय एनडीएच्या पेपरात नेली तर मिळवलेले गुण हातचे जातात. दोन्ही परीक्षांची तयारी एकत्र करणाऱ्याने हा फरक पहिल्यापासून मनात ठेवायला हवा.

उरलेले सहाशे

सामान्य क्षमता चाचणीत १५० प्रश्न, प्रत्येकी चार गुण. इंग्रजीला २००. बाकीचे ४०० सामान्य ज्ञानाला, आणि आयोगाने दिलेली ढोबळ विभागणी अशी: भौतिकशास्त्र २५ टक्के, रसायन १५, सामान्य विज्ञान १०, इतिहास आणि स्वातंत्र्यलढा २०, भूगोल २०, चालू घडामोडी १०. गुणांत सांगायचं तर विज्ञानाला २००, आणि इतिहास, भूगोल, घडामोडी मिळून २००.

या आकड्यांतून विषय निवडीबद्दल बरंच कळतं. भौतिकशास्त्राच्या १०० गुणांचे प्रश्न बहुतांश मूलभूत संकल्पनांवर असतात: घनता, आर्किमिडीजचं तत्त्व, गतीचे नियम, उष्णता, ध्वनी, प्रकाश, विद्युत. जीवशास्त्रासाठी वेगळा विभाग नाही, ते सामान्य विज्ञानाच्या ४० गुणांत येतं आणि त्याला दहावीचं पुस्तक पुरतं. म्हणजे केवळ एनडीएसाठी अकरावीला जीवशास्त्र घेण्याची गरज नाही.

तरी सिंधुदुर्गात बहुसंख्य मुलं पीसीएमबी घेतात: ‘दोन्ही ठेव, पुढे बघू.’ डॉक्टर व्हायचं की इंजिनीअर हे ठरलेलं नसलं की हा मार्ग सुरक्षित वाटतो. सहा विषयांचं ओझं पेलणाऱ्या मुलाला त्यात तोटा नाही. पण नीट, सीईटी आणि एनडीए अशा तिन्ही डगरींवर हात ठेवला की पहिला बळी जातो तो अकरावीच्या गणिताचा. ज्याचं मन फौजेवर पक्कं आहे त्याने जीवशास्त्राची जागा दुसऱ्या विषयाला द्यावी.

कोणत्या? महाराष्ट्र बोर्डात विज्ञान शाखेलाही भूगोल घेता येतो. एनडीएत भूगोलाला ८० गुण आहेत. एवढा थेट उपयोग जीवशास्त्राचा नाही, आयटीचाही नाही. पण हा पर्याय सुचवला जात नाही, कारण कॉलेजात भूगोलाचा शिक्षक कला शाखेचा, वेळापत्रक वेगळं, आणि ‘सायन्सला भूगोल कशाला’ हा समज. जिथे तो मिळतो तिथे पीसीएम आणि भूगोल ही एनडीएसाठी उत्तम जोडी. जिथे मिळत नाही तिथे नववी-दहावीची भूगोलाची पुस्तकं रद्दीत न घालणं हा त्यावरचा उपाय.

इतिहासाचंही तेच. दहावीनंतर विज्ञानाचा विद्यार्थी इतिहासाला कायमचा रामराम ठोकतो, आणि दोन वर्षांनी ८० गुणांसाठी तोच इतिहास नव्याने पाठ करतो. आठवी ते दहावीची इतिहासाची पुस्तकं आणि रोजचं वर्तमानपत्र एवढं धरून ठेवलं तरी हा भाग जड जात नाही.

दुसऱ्या भाषेच्या जागी माहिती तंत्रज्ञान, म्हणजे आयटी, घेणारी मुलं वाढली आहेत. गुण चांगले मिळतात, पाठांतर कमी, असं कारण. एनडीएच्या पात्रतेवर त्याने काही फरक पडत नाही. द्विलक्षी विषय, म्हणजे बायफोकल, घेतला तर दुसरी भाषा आणि आणखी एक विषय सुटतो व त्या जागी २०० गुणांचा संगणकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्ससारखा विषय येतो. इथे एवढंच पाहायचं की सुटणारा विषय जीवशास्त्र असावा, गणित नव्हे. मत्स्यविज्ञानासारखे द्विलक्षी विषय किनाऱ्यावर आकर्षक वाटतात आणि त्यांचं स्वतंत्र मोलही आहे. पण ते घेताना भौतिक, रसायन, गणित हे तिन्ही गटात शिल्लक राहतात ना, हे प्रवेशाच्या वेळीच तपासावं.

मराठी माध्यमाचा प्रश्न

प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते. मराठीत नाही. गावातल्या मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेल्या मुलाला अकरावी विज्ञानात एकदम इंग्रजी माध्यम लागतं: कालपर्यंतचा ‘संवेग’ आज ‘मोमेंटम’ होतो आणि पहिली तिमाही शब्द जुळवण्यातच जाते. ज्या शाळांत सेमी इंग्रजीची सोय आहे, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी मराठीतून, तिथे हा धक्का कमी बसतो. म्हणून विषय निवडीचा पहिला निर्णय खरं तर दहावीनंतरचा नाही, सेमीचा वर्ग घ्यायचा की नाही हा आहे, आणि तो निदान आठवीत तरी व्हायला हवा.

सेमी न घेतलेल्याने निराश व्हावं असं मात्र नाही. इतिहास-भूगोलाचे प्रश्न हिंदीतही असल्याने मराठी मुलाला ते वाचायला सोपे जातात. गणिताला भाषा थोडीच लागते. खरी अडचण २०० गुणांच्या इंग्रजीची: शब्दार्थ, वाक्यातली चूक शोधणं, वाक्यांचा क्रम लावणं, उताऱ्यावरचे प्रश्न. बारावीच्या इंग्रजीत निबंध आणि पत्र पाठ करून सत्तर गुण मिळवता येतात. इथे ते पाठांतर उपयोगी पडत नाही, रोजचं वाचन पडतं. लेखीचा कट-ऑफ गेली काही वर्षं ९०० पैकी साधारण तीनशे ते तीनशे साठच्या दरम्यान राहिला आहे. म्हणजे पेपर अवघड असतो आणि सगळं सोडवणं अपेक्षितच नसतं. इंग्रजीत शंभर-सव्वाशे गुण पक्के असलेल्या मुलाच्या पायाखालची जमीन त्यामुळे बरीच घट्ट होते.

दहावीच्या आधीची आणि नंतरची दारं

ज्यांना मुलाला लहानपणापासून या वातावरणात ठेवायचं आहे त्यांच्यापुढे काही पर्याय आहेत. २३ जून १९६१ रोजी सुरू झालेली साताऱ्याची सैनिक स्कूल ही देशातली पहिली. तिथे सहावीत आणि नववीत अखिल भारतीय परीक्षेतून प्रवेश मिळतो, आणि आता मुलींनाही. देहरादूनच्या राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजात आठवीसाठी प्रवेश होतो. त्याची परीक्षा राज्यात पुण्याची परीक्षा परिषद घेते. जिल्ह्यातच सावंतवाडी तालुक्यात आंबोलीला सैनिक स्कूल आहे. ‘सैनिक’ हा शब्द सगळ्यांच्या पाटीवर असला तरी केंद्राच्या सैनिक स्कूल सोसायटीच्या शाळा आणि राज्याच्या धोरणातून निघालेल्या सैनिकी शाळा वेगळ्या, त्यांची प्रवेशप्रक्रिया आणि खर्चही वेगळा. यांपैकी कुठल्याही शाळेतून एनडीएत थेट प्रवेश नाही. लेखी परीक्षा सगळ्यांना एकच.

दहावीनंतरचं सर्वांत महत्त्वाचं दार म्हणजे छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था, एसपीआय. राज्य सरकारने १९७७ मध्ये ती केवळ एनडीएसाठी मुलं घडवायला काढली. दहावीची मुलं गणित आणि सामान्य ज्ञानाच्या लेखी परीक्षेतून आणि मुलाखतीतून निवडली जातात, अकरावी-बारावी विज्ञान तिथे राहून करतात, आणि त्याबरोबर एनडीएची लेखी, शारीरिक आणि मुलाखतीची तयारी होते. तिथे विषयांचा गोंधळ उरत नाही, कारण गट ठरलेला असतो. २०२३ मध्ये मुलींसाठी अशीच संस्था नाशिकला सुरू झाली.

मुलींच्या बाबतीत चित्र अगदी अलीकडे पालटलं. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन मुलींना एनडीएची परीक्षा खुली केली. त्याच नोव्हेंबरात त्या पहिल्यांदा परीक्षेला बसल्या. पहिली तुकडी २०२२ मध्ये खडकवासल्याला दाखल झाली, आणि ३० मे २०२५ च्या दीक्षान्त संचलनात सतरा मुली मुलांबरोबर बाहेर पडल्या. मात्र मुलींच्या जागा अजून मोजक्या आहेत. त्यामुळे मुलीने तिन्ही दलांचे पर्याय भरता येतील असे विषय घेणं, म्हणजे पीसीएम, हे मुलाहूनही अधिक गरजेचं ठरतं. ‘चेडवाक बायोलॉजी बरी’ हा आपल्याकडचा जुना समज या एका मुद्द्यावर तरी मोडायला हवा.

वर्गात न शिकवलं जाणारं

उरलेले ९०० गुण पाच दिवसांच्या निवड मंडळात ठरतात. तिथे पंधरा सेकंदांत एका शब्दावर वाक्य लिहायचं, असे साठ शब्द. अर्ध्या तासात साठ प्रसंगांवर आपण काय करू ते सांगायचं. चित्र पाहून चार मिनिटांत गोष्ट लिहायची. गटात चर्चा, मैदानावर फळ्या-दोरांची कामं, तीन मिनिटांचं भाषण, मुलाखत. पुस्तकी अभ्यास इथे थोडाच पुरतो. वाचणाऱ्या, बोलणाऱ्या, चारजणांत मिसळणाऱ्या मुलाचं पारडं जड.

सिंधुदुर्गाची एक बाजू इथे भक्कम आहे. हातात संहिता न घेता रंगमंचावर उभ्या उभ्या संवाद रचणाऱ्या दशावताराचा हा मुलूख. शाळांतल्या वक्तृत्व स्पर्धा, गावची नाटकं, जत्रा-उत्सवाची कामं यांत वाढलेल्या मुलाला गटापुढे बोलायची भीती कमी असते. किनाऱ्यावरचं पोर पोहायला शिकतं तेही शाळेबाहेर. प्रबोधिनीत पोहणं सक्तीचं असतं आणि तिथे अनेकजण पहिल्यांदाच पाण्यात उतरतात. राष्ट्रीय छात्र सेना आत्मविश्वास आणि शिस्त देते, म्हणून ती जरूर घ्यावी. पण एनसीसीच्या प्रमाणपत्राचे गुण एनडीएच्या यादीत धरत नाहीत. ‘सी’ प्रमाणपत्राचा लाभ पदवीनंतरच्या प्रवेशांत होतो.

लेखी परीक्षा पास होऊन मुलाखतीचं बोलावणं आलेल्या राज्यातल्या उमेदवारांसाठी नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात राहण्या-जेवणासह विनामूल्य तयारी करून घेतली जाते, आणि त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अर्ज करता येतो. ही सोय माहीत नसल्याने अनेक कुटुंबं शहरातल्या खासगी वर्गांवर मोठी रक्कम खर्च करतात.

एक तपासणी मात्र विषय निवडण्याआधीच करून घ्यावी: डोळ्यांची. नजरेचे आणि रंग ओळखण्याचे निकष हवाई दल आणि नौदलात लष्करापेक्षा कडक आहेत. रंगांधळेपणा असेल तर तो दहावीतच कळलेला बरा, बारावीनंतर वैद्यकीय मंडळापुढे नव्हे.

एकाच गटाची अनेक दारं

चारशे जागांसाठी देशभरातून लाखो मुलं अर्ज भरतात. साडेसोळा ते साडेएकोणीस हा काळ आणि बारावीची अट जमेस धरली तर बहुतेकांच्या वाट्याला चारच्या आसपास संधी येतात. पहिली बारावीत असतानाच सप्टेंबरमध्ये; ती साधली तर पुढच्या जुलैत प्रबोधिनीत. दुसरी बोर्डाच्या परीक्षेनंतर एप्रिलमध्ये. तिथून पुढच्या जानेवारीत. म्हणजे अकरावीचं वर्ष वाया गेलं तर बारावीच्या सप्टेंबरची पहिली संधी नुसती अनुभवापुरती उरते.

पण ही परीक्षा साधली नाही म्हणून पीसीएम वाया जात नाही, आणि हा या गटाच्या बाजूचा सर्वांत व्यवहारी मुद्दा. लष्कराच्या टेक्निकल एन्ट्री स्कीमला पीसीएममध्ये ६० टक्के आणि जेईई मेन लागतं. नौदलाच्या एळिमला इथल्या बी.टेक. प्रवेशाला पीसीएममध्ये ७० टक्के, दहावी किंवा बारावीला इंग्रजीत निदान ५० आणि जेईईचा क्रमांक. इथे बोर्डाचे टक्के मोजले जातात, म्हणून एनडीएच्या नादात बारावी सोडून देणं शहाणपणाचं नाही. तटरक्षक दलाच्या नाविक (जनरल ड्यूटी) पदाला आणि पुढे अधिकारी पदालाही बारावीपर्यंतचं गणित आणि भौतिकशास्त्र लागतं. मर्चंट नेव्हीला तेच. नौदलाच्या अग्निवीर भरतीतही याच विषयांना मागणी आहे. ज्यांचा ओढा वैद्यकीकडे आणि गणवेशाकडेही आहे, त्यांच्यासाठी पीसीबी घेऊन नीटमार्गे पुण्याचं सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालय आहे. आणि वय उलटून गेलं तरी पदवीनंतर सीडीएस परीक्षा असतेच.

एकूण हिशेब असा. ज्याचं मन फौजेवर पक्कं आहे त्याने विज्ञान शाखेचं गणित, भौतिक आणि रसायन घ्यावं. जमल्यास जीवशास्त्राऐवजी भूगोल. दुसऱ्या भाषेचा किंवा आयटीचा निर्णय स्वतःच्या सोयीने. अकरावीला बारावीएवढंच मानावं, इंग्रजी रोज वाचावं, दहावीचा इतिहास-भूगोल सांभाळावा. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाले आहेत, पण अर्जात भरायची ती शाखा. गट ठरतो तो कॉलेजच्या टेबलावर, आणि तिथे ‘सगळे घेतात तेच घे’ या सल्ल्यापुढे पंधरा-सोळा वर्षांचं पोर गप्प बसतं.

म्हणून ही माहिती निकालानंतर देऊन फारसा उपयोग नाही. संभाजीनगरच्या संस्थेची परीक्षा दहावीचा निकाल लागण्याआधीच होऊन जाते, आणि तिचे अर्ज त्याहूनही आधी निघतात. जिल्ह्यात निवृत्त सैनिकांची वाण नाही, माध्यमिक शाळांचीही नाही. नववीच्या दुसऱ्या सत्रात गावातल्या एखाद्या निवृत्त सुभेदाराने आणि गणिताच्या शिक्षकाने मिळून एक तास घ्यावा: सुभेदाराने फौजेतलं आयुष्य सांगावं, शिक्षकाने फळ्यावर एनडीएच्या गणिताचे घटक आणि त्यांच्यापुढे इयत्ता लिहावी. विषयांचा निर्णय मुलं मग स्वतः घेतील, आणि वेळेत घेतील.